विमानातला तलाव

चेअरमननी आराखड्यातल्या विमानाच्या पोटावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "इथे तलाव."

तिने पेन्सिल उचलली. बोट हलायची वाट न बघता तिने त्याच्या भोवतीनेच एक लांबट, गोलसर कडांचा आकार काढला. चेअरमननी बोट उचललं तेव्हा तलाव तयार होता.

"पोहायचा?" टेबलाच्या टोकाला बसलेल्या इंजिनिअरने विचारलं.

"नाही, म्हशी डुंबायला," चेअरमन म्हणाले आणि त्यांचे लोक हसले. "आणि तळाला काच हवी. मी पोहत असताना खालून डोंगर सरकत गेले पाहिजेत."

तिने तळाशी काचेच्या तिरप्या रेघा मारल्या. कोपऱ्यात अगदी बारीक डोंगरही काढले. चेअरमन खुर्चीत मागे रेलले. बोललेलं लगेच होतंय याचं समाधान त्यांच्या गालांवर पसरलं.

विमान जुनं मालवाहू होतं. दुसऱ्या विमानांचे पंख आणि शेपट्या वाहून न्यायला बांधलेलं, म्हणून त्याचं पोट वाजवीपेक्षा फुगलेलं. हँगरमधली माणसं त्याला 'ढेरपोट्या' म्हणत. असल्या तऱ्हेवाईक विमानांवरच तिचं पोट चालत होतं. आग विझवणाऱ्या विमानाचा तिने पाण्यावर तरंगणारा बंगला केला होता. पाठीवर रडारची तबकडी वाहणाऱ्या विमानाच्या तबकडीत गोल शयनघर बसवलं होतं, झोपलेला माणूस सावकाश फिरत राहील असं. जुन्या बाँबफेक्या विमानाच्या पोटाचे दरवाजे उघडायचे आणि त्यातून मांडलेलं जेवणाचं टेबल अलगद खाली उतरायचं. अर्थात हे सगळं कागदावर. एका मासिकासाठी ती ही चित्रं काढायची. लोक 'काय डोकं आहे बाईचं!' म्हणायचे आणि पान उलटायचे. चित्रातलं विमान खरंच करून मागणारा हा पहिलाच माणूस.

तो कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"साहेब, पाणी हलतं," इंजिनिअर म्हणाला.

"म्हणजे?"

"विमान नाक वर करून चढायला लागलं की तलावातलं सगळं पाणी शेपटीकडे धावेल. शेपूट जड झाली की नाक आणखी वर जाईल. मग ते खाली आणता येणार नाही."

"मग झाकण लावा."

"झाकणाखालीही पाणी हलतंच, साहेब. आग विझवणारी विमानं पाणी नेतात, पण ते कप्प्याकप्प्यांत कोंडून. हा तर एकसलग, उघडा हौद आहे. एक तर त्यात आडव्या भिंती घालू, नाहीतर उड्डाण करताना तो रिकामा ठेवू."

"रिकामा तलाव बघायला मी एवढं विमान घेतलंय?"

"त्यात माणसं बसणार आहेत, साहेब."

चेअरमननी पाण्याचा पेला उचलला, तिरपा केला आणि त्यातलं पाणी काठाशी येईपर्यंत बघत राहिले. क्षणभर तिला वाटलं, पटलं की काय याला. तिची पेन्सिल कागदावर जिथल्या तिथे थांबली.

मग त्यांनी पेला खाली ठेवला. "हे आपले इंजिनिअर, मॅडम. मी यांना दूध म्हटलं की हे मांजर म्हणतात. तुम्ही सांगा. होईल की नाही?"

इंजिनिअर तिच्याकडे वळला. चाळिशीचा, कपाळावरचे केस मागे गेलेला माणूस. आता ही खरं काय ते बोलेल अशा खात्रीने तो तिच्याकडे बघत होता. विमानांची पोटं आतून बाहेरून काढण्यात तिची अर्धी हयात गेली होती. पाण्याचं तिला कळत होतं, आणि तिला कळतं हे त्यालाही कळत होतं.

"होईल," ती म्हणाली.

इंजिनिअर काहीतरी बोलायला गेला, पण चेअरमननी हात वर केला. "उद्यापासून तुम्ही येऊ नका," असं ते अगदी सहज म्हणाले, जसं कुणाला दार लोटून घ्यायला सांगावं. इंजिनिअरने आपलं मोजमापाचं सामान पिशवीत भरलं. तिच्या खुर्चीमागून जाताना तो थांबला नाही. तिने डोंगरांना सावली दिली.

*

तिचे वडील कॅप्टन होते. ती शाळेत असताना, एका पावसाळी सकाळी, ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून त्यांनी विमान न्यायला नकार दिला होता. कंपनीचा तरुण मालक, आताचे हे चेअरमन, स्वतः विमानाच्या शिडीपाशी आला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रवासी खोळंबलेत, एवढी फेरी करून या, असं गोड शब्दांत सांगितलं. परत येताना विमान धावपट्टीवर थांबेना. पुढे रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या. वडिलांनी विमान बाजूच्या शेतात घातलं. चाकं मोडली, एक पंख मोडला, माणसं चिखलाने माखून उतरली. पण सगळी आपल्या पायांनी उतरली. चौकशीत मालक म्हणाला, असं बोलणं झालंच नव्हतं. ऐकायला तिथे तिसरं कुणी नव्हतं.

लायसन गेलं. वडील मोटार शिकवायला लागले. शेजारच्या सीटवर बसायचे आणि पायाखाली जादा ब्रेक असायचा. "आता ब्रेक माझ्या ताब्यात आहे," म्हणून हसायचे. आई हसायची नाही. शाळेत मुली तिला 'घसरगुंडी' म्हणायच्या. ती पायऱ्या उतरायला लागली की मागून कुणीतरी विमानाचा आवाज काढायचं आणि धपकन बसायचं. आई गेली तेव्हाही सांत्वनाला आलेल्यांपैकी एकाने दुसऱ्याला हळूच सांगितलं, "हेच ते, शेतात उतरलेले."

वडील विसरले असं तिला वाटायचं, आणि त्याचा तिला राग यायचा. घरात कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, म्हणून तिने लक्षात ठेवलं. लग्नानंतर आडनाव बदललं, नवरा आला, नवरा सोडून गेला, केस पिकायला लागले. ते एक मात्र तिने निगुतीने जपलं. चेअरमनच्या कचेरीतून फोन आला तेव्हा तिने शांतपणे वेळ ठरवली, फोन ठेवला आणि घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढत बसली.

तिचा बेत साधा होता. या माणसाला नाही म्हणणारं कुणी आवडत नाही, तर आपण नाही म्हणायचंच नाही. तो मागेल ते काढून द्यायचं, त्याने मागितलं नसेल तेही सुचवायचं. विमान असं करून ठेवायचं की कुठलाही तपासनीस त्याला जमिनीवरून हलू देणार नाही. हा पांढरा हत्ती त्याच्या दारात उभा राहील, आणि येणारा जाणारा हसेल. आपल्याला जन्मभर लोकांनी हसणं म्हणजे काय, हे त्याला कळू दे.

त्याप्रमाणे सगळं होत गेलं. इंजिनिअरच्या जागी दुसरा आला, तो सगळ्याला मान हलवायचा. तिने तलावाकडे उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या सुचवल्या. छताला लटकती बाग सुचवली. चेअरमन दर भेटीत थोडे आणखी खूश व्हायचे. "तुम्ही आधी कुठे होतात?" असं त्यांनी एकदा विचारलं.

"इथेच," ती म्हणाली.

घरी वडील विचारायचे, सध्या काय काढतेस? ती म्हणायची, आहे एका वेड्याचं काम.

*

मग परवाना मिळाला.

मान हलवणाऱ्या इंजिनिअरने तलाव रिकामा दाखवून चाचणीच्या एका उड्डाणाची परवानगी काढली होती. तिला ते कळलं तेव्हा ती हँगरमध्ये पडद्यांचे रंग घेऊन उभी होती. ढेरपोट्याच्या पोटात जाड नळ्या सोडल्या होत्या आणि आतून पाणी पडण्याचा घुमता आवाज येत होता.

"उद्या सकाळी," चेअरमन तिच्या कानाशी म्हणाले. त्यांच्या अंगाला नव्या कापडाचा वास येत होता. "पाहुणे बोलावलेत. मी स्वतः वर जाणार आहे. काच बघायचीय मला."

"पाणी भरलेलं ठेवून?"

"वरून लाकडी फळ्या टाकतोय. कॅप्टनला सांगितलंय, रिकामा आहे म्हणून. पायलट लोकांना उगाच घोर लावायची सवय असते."

ती "बरं" म्हणाली. पडद्यांचे तुकडे नीट घडी घालून पिशवीत ठेवले. गाडी काढून घरी येताना सगळ्या चौकांत तिला वाट मिळत गेली. घरी येऊन तिने भाजी चिरली, भात टाकला, आणि चांगली दोनदा वाढून घेऊन जेवली. ताट घासताना ती गुणगुणत होती. वडील दारात उभे राहून ऐकत होते.

"किती दिवसांनी गायलीस," ते म्हणाले.

तिने नळ बंद केला. हात पुसत ती वळली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कोणाचं विमान, कसला तलाव, फळ्या, पाणी, उद्याची सकाळ. हे ऐकून म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायला ती आसुसली होती. इतकी वर्षं त्यांच्यासाठीच तर ती हे सांभाळून होती.

वडील खुर्ची ओढून बसले. बराच वेळ त्यांनी टेबलावरचा मिठाचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे ढकलला.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणीतरी बाई आहे. मी भेटले नाही."

"आणि बरोबर?"

"असेल एखादा. मला माहीत नाही, बाबा." तिचा आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का, तो स्वतः आत बसणार आहे! मी काही केलेलं नाही. त्याने केलंय. मी फक्त गप्प बसायचंय."

"कळतंय."

"त्याने मरावं असं मला आज वाटलं. वाटून बरं वाटलं."

"मलाही वाटतं अधूनमधून," वडील म्हणाले. "रस्त्याने जाताना, नाहीतर दाढी करताना. वाटतं आणि जातं." ते उठले, कोनाड्यातून पॉलिशची डबी काढली आणि जमिनीवर बसून बुटांना ब्रश मारू लागले. "पण पोरी, कॅप्टनला सांगायला नको?"

*

सकाळी ती गाडी चालवत होती आणि शेजारी बसलेल्या वडिलांचा उजवा पाय दर वळणावर आपोआप खाली दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता.

हँगरसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. ढेरपोट्या उन्हात नव्या रंगाने चकाकत होता, आणि दिसत होता खरोखर सुंदर. हे तिलाही नाकारता येईना. कॅप्टनबाई पंखाखाली वाकून चाकं बघत होत्या. तिशीच्या, आखूड केसांच्या. वडील सरळ त्यांच्याकडे गेले. ती दोन पावलं मागे राहिली.

"कॅप्टन, आत फळ्यांखाली पाणी आहे," वडील म्हणाले.

कॅप्टनबाई ताठ उभ्या राहिल्या. "तलाव रिकामा आहे. मला तसं सांगितलंय."

"एक फळी उचलून बघा."

"तुम्ही कोण?"

वडिलांनी आपलं नाव सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "शेतात उतरलेला."

कॅप्टनबाईंनी त्यांच्याकडे पुन्हा बघितलं, या खेपेला बुटांपासून वर. "ती केस आम्हाला शिकवली होती," त्या म्हणाल्या.

"चूक कशी करू नये म्हणून?"

"हो." त्यांनी हातमोजे काढले. "पण शिकवणारे सर दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, मी असतो तर मीही शेतातच घातलं असतं."

वडिलांनी नुसतं शर्टाचं वरचं बटण चाचपून बघितलं. कॅप्टनबाई शिडी चढून आत गेल्या. फळी सरकल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांची बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि तशाच त्या पाहुण्यांच्या मधून चालत चेअरमनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी हे विमान नेणार नाही."

चेअरमन आधी हसले. मग त्यांनी कॅप्टनबाईंच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला. त्या एक पाऊल मागे झाल्या. मग चेअरमन ओरडले. पाहुण्यांनी माना वळवल्या. मान हलवणारा इंजिनिअर घाबरून आत धावला आणि त्याने तलावाच्या निचऱ्याची झडप उघडली. पाणी ढेरपोट्याच्या पोटाखालून भसाभसा खाली कोसळलं आणि मांडलेल्या खुर्च्यांमधून वाहत गेलं. बायकांनी पाय वर घेतले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अहो, मुतलं की हे!" आणि जो हशा पिकला तो बराच वेळ थांबेना.

हाच तो क्षण. इतक्या वर्षांत तिने तो कितीतरी तऱ्हांनी रंगवला होता. ती पाण्यातून चालत चेअरमनसमोर गेली.

"मी त्यांची मुलगी आहे," ती म्हणाली आणि वडिलांकडे हात केला.

चेअरमननी तिकडे बघितलं. चुरगळलेला रुमाल मुठीत धरून ते डोळे बारीक करत राहिले. कोट नसलेला, बूट लख्ख असलेला एक म्हातारा उन्हात उभा होता.

"कोणाची?" ते म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं. ते सोंग नव्हतं; तसं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"चल," वडील तिच्यापाशी येऊन म्हणाले. "गाडी उन्हात आहे."

त्यानंतर ते विमान कुणी नेलं नाही. परवाना रद्द झाला आणि ढेरपोट्याला ओढून मैदानाच्या कडेला नेऊन ठेवलं. चेअरमनचं नाव 'हौदवाले' पडलं. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, पोरंटोरंही त्यांच्या गाडीमागे पाणी सांडल्याचे आवाज काढू लागली. सगळं तिने ठरवलं होतं तसं, किंबहुना त्याहून सरस. वडिलांना कॅप्टनबाईंचा अधूनमधून फोन येतो. फोनवर ते वाऱ्याबद्दल बोलतात आणि बोलताना उभे राहतात.

*

इंजिनिअरचा पत्ता मिळवायला तिला थोडे दिवस लागले. तो आता इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करत होता. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याचं घर होतं. दार त्यानेच उघडलं. हाताला ग्रीस लागलेलं होतं. त्याने तिला ओळखलं, आणि आत या म्हटलं नाही.

"तुमचंच खरं होतं," ती म्हणाली. "तुम्ही वाचलं असेल."

"वाचलं."

"मी कंपनीतल्या लोकांशी बोलले आहे. आता ते तुम्हाला परत घेतील. चेअरमनना माणसं हवी आहेत."

"मला नको."

ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. येताना तिने शब्द जुळवले होते: तिच्या वडिलांचं काय झालं, शाळा, आई. ते सांगितलं की कुणालाही समजेल असं तिला वाटलं होतं. तिने सांगायला सुरुवात केली. त्याने मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं, हाताचं ग्रीस फडक्याला पुसत.

"वाईट झालं," शेवटी तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. "पण मालकावर माझा राग नाही, बाई. त्याला कळतच नव्हतं. तुम्हाला कळत होतं."

आतून बायकोचा आवाज आला. "कोण आलंय हो?"

"त्याच," तो म्हणाला.

आत भांड्याचा आवाज थांबला. बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली, नवऱ्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि तिच्याकडे बघू लागली. शिव्या नाहीत, प्रश्न नाही. कपाळ, डोळे, ओठ, हनुवटी असं एकेक करून ती सावकाश बघत होती, चेहरा कायमचा पाठ करून घ्यावा तशी.

जिन्यात उजेड कमी होता. ती खिडकीच्या बाजूला थोडी सरकली आणि मान वर करून, बायकोचं बघून होईपर्यंत, तशीच उभी राहिली.